युद्धकैदी, कापूस आणि रेल्वे : शिमला करारानंतरच्या भारत-पाकिस्तान सहकार्याचा मागोवा

जबलपूर : पहलगाम येथील २२ एप्रिल २०२५ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने सिंधू जलवाटप करार स्थगित केला, अटारीची एकात्मिक तपासणी चौकी बंद केली आणि पाकिस्तानने शिमला करारासह सर्व द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा आपला अधिकार असल्याचे जाहीर केले. शिमला कराराची चर्चा त्यामुळे पुन्हा सुरू झाली. काश्मीर आणि नियंत्रण रेषा हे त्या चर्चेचे नेहमीचे विषय. परंतु १९७२ ते १९७६ या चार वर्षांत दोन्ही देशांनी टपाल, तार, प्रवास, व्यापार, जहाजवाहतूक, रेल्वे आणि विमानसेवा यांची जी घडी एकेक करारानिशी बसवली, तिच्यापुढे सर्वांत मोठा अडसर होता तो युद्धकैद्यांचा. या कैद्यांपैकी सर्वांत वरिष्ठ अधिकारी ज्या शहरात ठेवण्यात आले होते, ते शहर म्हणजे मध्य प्रदेशातील जबलपूर.

जबलपूरचा लष्करी इतिहास जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील हा मुलूख १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे गेला आणि लवकरच येथे छावणी उभी राहिली. मुंबईहून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग १८७० मध्ये येथेच जोडले गेले. तोफगाडा कारखाना १९०४ मध्ये, खमरिया येथील दारूगोळा कारखाना १९४२ मध्ये आणि लष्करी वाहनांचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते, त्यामुळे येथील मराठी वस्तीही जुनी आहे. मध्य भारतात, कोणत्याही सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर, रेल्वेने चारही दिशांना जोडलेले आणि लष्कराच्या नित्य वावराचे शहर अशी त्याची ओळख होती. कैद्यांसाठी ठिकाण निवडताना लष्कराला याहून वेगळे काही नको होते. ज्या शहरातील कारखाने भारतीय सैन्यासाठी तोफगाडे आणि दारूगोळा तयार करतात, त्याच शहरात प्रतिपक्षाचा सेनापती दोन वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिला, हा योगायोग मात्र लक्षात राहण्याजोगा आहे.

शरणागतीनामा आणि त्यातील एक शब्द

ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर १६ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट जनरल अमीर अब्दुल्ला खान नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे शरणागती पत्करली. सैनिक, निमलष्करी दलांचे जवान आणि नागरी अधिकारी-कर्मचारी मिळून सुमारे ९३ हजार पाकिस्तानी भारताच्या ताब्यात आले. नियाझी आणि त्यांचे सल्लागार मेजर जनरल राव फरमान अली यांना प्रथम कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये नेण्यात आले. तेथून नियाझी यांची रवानगी जबलपूरला झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नियाझी यांनी या ठिकाणाचा उल्लेख ‘कॅम्प क्रमांक १००’ असा केला आहे. इतर कैद्यांना आग्रा, बरेली, मेरठ, रुडकी, रांची, गया अशा अनेक ठिकाणच्या छावण्यांत विभागून ठेवण्यात आले.

शरणागतीनाम्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. शरण येणाऱ्यांना जिनिव्हा करारानुसार सन्मानाची वागणूक मिळेल, ही पहिली. दुसरी त्याहून कमी चर्चिली गेलेली, पण मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने निर्णायक. अरोरा यांचा उल्लेख त्यात ‘भारतीय आणि बांगलादेशी सैन्यांचे’ पूर्व विभागातील सेनापती असा होता. शरणागती संयुक्त सैन्यापुढे झाली होती. त्यामुळे बांगलादेशाच्या संमतीवाचून कैद्यांना परत पाठवता येणार नाही, अशी भूमिका भारताने पुढील दोन वर्षे घेतली. पाकिस्तानने तेव्हा बांगलादेशाला मान्यताच दिली नव्हती. उलट, नव्या देशाशी संबंध ठेवणाऱ्या राष्ट्रांचा निषेध म्हणून त्याने ३० जानेवारी १९७२ रोजी राष्ट्रकुलाचा त्याग केला होता. ज्याचे अस्तित्वच मान्य नाही, त्याची संमती मागायची कशी, या पेचात संपूर्ण प्रश्न अडकला.

युद्धकैद्यांसंबंधीच्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम स्पष्ट आहे. प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवावे, असे ते सांगते. पाकिस्तानने या कलमाचा सातत्याने आधार घेतला. युद्धविराम म्हणजे शांतता नव्हे आणि सुटलेले सैनिक उद्या पुन्हा सीमेवर उभे राहणार नाहीत याची हमी कोण देणार, असा भारताचा प्रतिवाद होता. कायद्याच्या काटेकोर वाचनात पाकिस्तानची बाजू अधिक भक्कम होती, हे मान्य करावे लागेल. त्याच वेळी पाकिस्तानात लाखाहून अधिक बंगाली सैनिक, सरकारी कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय अडकून पडले होते, त्यांना बांगलादेशात जाऊ दिले जात नव्हते, ही त्याच प्रश्नाची दुसरी बाजू होती. ते युद्धकैदी नव्हते. म्हणून जिनिव्हाचे ते कलमही त्यांच्या कामाचे नव्हते.

शिमला : आधी जमीन, मग माणसे

इंदिरा गांधी आणि झुल्फिकार अली भुट्टो यांची शिखर परिषद २८ जून १९७२ रोजी शिमल्यात सुरू झाली. भारतीय शिष्टमंडळाचे सूत्रधार दुर्गाप्रसाद धर वाटाघाटी सुरू असतानाच आजारी पडले आणि सूत्रे परमेश्वर नारायण हक्सर यांच्याकडे आली. काश्मिरी पंडित कुटुंबातील हक्सर यांचे बालपण तेव्हाच्या मध्य प्रांतात गेले होते. करारावर २ जुलै ही तारीख असली तरी प्रत्यक्ष सह्या मध्यरात्र उलटल्यावर झाल्या.

पश्चिम आघाडीवर भारताने सिंध आणि पंजाबमधील सुमारे १३ हजार चौरस किलोमीटर प्रदेश जिंकला होता. भुट्टो यांच्यापुढे दोन मागण्या होत्या, जमीन आणि कैदी. दोन्ही एकाच वेळी मिळणार नव्हत्या. त्यांनी जमीन निवडली. त्यांच्यासोबत शिमल्याला गेलेल्या बेनझीर भुट्टो यांनी पुढे आत्मचरित्रात या निवडीमागील वडिलांचा युक्तिवाद नोंदवला आहे : कैद्यांचा प्रश्न मानवतेचा असल्याने जग भारतावर दबाव आणेलच, जमिनीसाठी मात्र कोणी बोलणार नाही. हा हिशेब निष्ठुर होता आणि अचूकही. करारानुसार सैन्ये आंतरराष्ट्रीय सीमेच्या मागे गेली, ११ डिसेंबर १९७२ रोजी जम्मू-काश्मीरमधील नियंत्रण रेषेची आखणी निश्चित झाली आणि २० डिसेंबरपर्यंत माघार पूर्ण झाली. पश्चिम आघाडीवर पकडलेल्या कैद्यांची अदलाबदलही १ डिसेंबरला झाली. सहाशेहून अधिक भारतीय वाघा ओलांडून परतले. पूर्वेकडचे ९३ हजार मात्र आहेत तेथेच राहिले.

शिमला करारावर देशात टीका झाली. जिंकलेले रणांगण वाटाघाटीच्या मेजावर गमावले, असा जनसंघाचा आरोप होता आणि अटलबिहारी वाजपेयी त्या विरोधाच्या अग्रभागी होते. सहा वर्षांनी परराष्ट्रमंत्री म्हणून इस्लामाबादला गेले तेव्हा वाजपेयी यांनी संबंध सुधारण्यासाठी याच कराराच्या चौकटीचा वापर केला. परराष्ट्र खात्याचा कारभार हाती आला की विरोधी बाकांवरील भाषणे अशी मागे पडतात.

कराराच्या तिसऱ्या कलमाकडे तुलनेने कमी लक्ष जाते. टपाल, तार, सागरी, भूमार्ग आणि हवाई दळणवळण पुन्हा सुरू करणे, प्रवासाच्या सुविधा वाढवणे, व्यापार आणि आर्थिक सहकार्य शक्य तितके पूर्ववत करणे, विज्ञान व संस्कृतीच्या क्षेत्रात देवाणघेवाण करणे, असे त्याचे स्वरूप. पुढील चार वर्षांतील प्रत्येक आर्थिक करार या एका कलमातून निघाला. सहाव्या कलमात कैद्यांची पाठवणी, काश्मीरचा अंतिम तोडगा आणि राजनैतिक संबंधांची पुनःस्थापना यांवर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी चर्चा करतील, एवढेच म्हटले होते.

दिल्ली करार आणि १९५ नावे

कोंडी फुटायला १९७३ चा एप्रिल उजाडला. भारत आणि बांगलादेश यांनी १७ एप्रिलच्या संयुक्त निवेदनात मान्यतेचा प्रश्न बाजूला ठेवला आणि तीन गटांची एकाच वेळी पाठवणी करण्याचा प्रस्ताव मांडला. भारतातील पाकिस्तानी कैदी, पाकिस्तानातील बंगाली आणि बांगलादेशातील पाकिस्तानात जाऊ इच्छिणारे बिगरबंगाली, असे हे तीन गट. त्याच वेळी, युद्धगुन्ह्यांच्या आरोपावरून १९५ पाकिस्तानी कैद्यांवर खटले चालवण्याचा निर्णय ढाक्याने जाहीर केला. पाकिस्तानने मे महिन्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेऊन या कैद्यांना बांगलादेशाच्या हवाली करण्यास हरकत घेतली.

न्यायालयात प्रकरण चालू असतानाच वाटाघाटीही चालू होत्या. जुलैअखेर रावळपिंडी आणि ऑगस्टमध्ये दिल्ली अशा दोन फेऱ्यांनंतर २८ ऑगस्ट १९७३ रोजी हक्सर आणि पाकिस्तानचे राज्यमंत्री अझीझ अहमद यांनी दिल्ली करारावर सह्या केल्या. बांगलादेश वाटाघाटींत प्रत्यक्ष सहभागी नव्हता, मात्र कराराला त्याची संमती होती. पाठवणी चालू असेपर्यंत १९५ जणांना भारतातच ठेवायचे आणि तोवर त्यांच्यावर खटले चालवायचे नाहीत, अशी तडजोड झाली. खटल्यांचा प्रश्न पुढे ढकलून बाकीच्यांचा मार्ग मोकळा करण्यात आला.

पाठवणी १९ सप्टेंबर १९७३ रोजी सुरू झाली. कैद्यांच्या गाड्या छावण्यांतून वाघ्याकडे निघू लागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाने पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यातील नागरिकांच्या वाहतुकीची जबाबदारी घेतली. विमानांतून आणि जहाजांतून २ लाख ३० हजारांहून अधिक माणसे हलवण्यात आली. तोवरच्या सर्वांत मोठ्या नागरी हवाई स्थलांतरांपैकी ते एक होते. पाकिस्तानात जाऊ इच्छिणाऱ्या बिहारी मुसलमानांपैकी मात्र फार मोठा वर्ग बांगलादेशच्या छावण्यांतच राहिला. पाकिस्तानने ठरावीक निकषांत बसणाऱ्यांनाच स्वीकारले. दिल्ली करारातील हा कच्चा दुवा कधीच पक्का झाला नाही.

डिसेंबर १९७३ मध्ये पाकिस्तानने हेगमधील दावा मागे घेतला. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी, लाहोर येथील इस्लामी राष्ट्रांच्या शिखर परिषदेच्या निमित्ताने, त्याने बांगलादेशाला मान्यता दिली. मग ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत सरदार स्वर्णसिंग, कमाल हुसेन आणि अझीझ अहमद या तिघांनी त्रिपक्षीय करार केला. तोपर्यंत सुमारे ३ लाख लोकांची तिन्ही देशांत ये-जा झाल्याचे आणि १९५ जण वगळता सुमारे साडेसहा हजार कैदी परत जाणे बाकी असल्याचे त्यात नमूद आहे. एक दिवसाआड एक गाडी या गतीने ते एप्रिलअखेर रवाना होतील, असेही. १९५ जणांवरील खटले बांगलादेशाने क्षमाभावनेने सोडून दिले. पाकिस्तानने, जे काही गुन्हे घडले असतील त्यांचा निषेध करतो आणि त्याबद्दल तीव्र खेद वाटतो, एवढे म्हटले. या शब्दयोजनेवर ढाका आणि इस्लामाबाद यांचे आजही एकमत नाही. शेवटच्या तुकडीबरोबर नियाझी ३० एप्रिल १९७४ रोजी वाघा ओलांडून गेले.

मायदेशी त्यांची वाट पाहत होता हमूदुर रहमान आयोग. पराभवाची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या या आयोगाने मुख्य अहवाल १९७२ मध्येच दिला होता. जबलपूर आणि इतर ठिकाणांहून परतलेल्या अधिकाऱ्यांच्या साक्षी घेऊन त्याने १९७४ मध्ये पुरवणी अहवाल सादर केला. तो दीर्घकाळ गोपनीय राहिला आणि ऑगस्ट २००० मध्ये भारतातील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा पाकिस्तानातही खळबळ उडाली. नियाझी यांना सेवेतून काढून टाकण्यात आले होते. ढाक्यात शरण आलेले नौदलाचे रिअर अॅडमिरल मोहम्मद शरीफ मात्र १९७५ मध्ये पाकिस्तानचे नौदलप्रमुख झाले.

यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना

कैदी परतले आणि आर्थिक वाटाघाटींना सुरुवात होणार तोच १८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला अणुचाचणी केली. पाकिस्तानने जूनमधील बैठक पुढे ढकलली. तरीही गाडी रुळावर यायला फार वेळ लागला नाही. १४ सप्टेंबर १९७४ रोजी इस्लामाबादेत टपाल, दूरसंचार आणि प्रवास यांविषयी करार झाले. फाळणीने दुभंगलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने व्यापाराच्या कराराहून साध्या पोस्टकार्डाचा हा करार मोठा होता.

ऑक्टोबर १९७४ मध्ये स्वर्णसिंग यांच्या जागी यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. चव्हाण यांचे नाव संरक्षणमंत्री म्हणून १९६५ च्या युद्धाशी आणि अर्थमंत्री म्हणून १९७१ च्या युद्धाशी जोडलेले आहे. परराष्ट्र खात्यातील त्यांच्या कारकिर्दीची महाराष्ट्रात तुलनेने कमी चर्चा होते. १९६५ च्या युद्धाने थांबलेला व्यापार त्यांच्याच कारकिर्दीत पुन्हा सुरू झाला, हे मात्र नोंदवायला हवे. ताश्कंद जाहीरनाम्यात आर्थिक संबंधांचा उल्लेख होता, पण त्यातून काही निष्पन्न झाले नव्हते. ३० नोव्हेंबर १९७४ च्या मसुद्याने व्यापारबंदी उठली, १५ जानेवारी १९७५ रोजी जहाजवाहतुकीचा मसुदा आणि २३ जानेवारी १९७५ रोजी व्यापार करार झाला. सुरुवातीला हा व्यापार सरकारी महामंडळांमार्फत चालला. १९७६ पासून खासगी व्यापाऱ्यांनाही परवानगी मिळाली.

पहिल्या मोठ्या सौद्यांत भारताने घेतला तो पाकिस्तानी कापूस. त्यामागे फाळणीचे अर्थकारण होते. १९४७ मध्ये लांब धाग्याचा कापूस पिकवणारे सिंध आणि पश्चिम पंजाब पाकिस्तानात गेले. तो पिंजणाऱ्या, विणणाऱ्या गिरण्या मुंबई आणि अहमदाबादेत राहिल्या. ताग पूर्व बंगालमध्ये आणि तागाच्या गिरण्या हुगळीकाठी, अशी पूर्वेची स्थिती. १९४८-४९ मध्ये पाकिस्तानच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल भारतात येत असे. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनपाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने नकार दिला आणि विनिमय दराच्या वादात व्यापार ठप्प झाला. तो १९५१ च्या करारापर्यंत सुरळीत झाला नाही. या दीड वर्षात दोन्ही देशांनी एकमेकांवाचून जगण्याची तयारी केली. पाकिस्तानने स्वतःच्या गिरण्या उभारल्या, भारताने लांब धाग्याच्या कापसाची आणि तागाची लागवड वाढवली. दोन्ही बाजारपेठा दुरावण्याची सुरुवात युद्धाने नव्हे, तर हुंडणावळीच्या भांडणाने झाली, हे अनेकदा विसरले जाते.

परराष्ट्र सचिवांच्या पातळीवर १४ मे १९७६ रोजी इस्लामाबादेत अंतिम समझोता झाला. भारताकडून जगत मेहता आणि पाकिस्तानकडून आगा शाही यांनी वाटाघाटी केल्या. १९७१ च्या आरंभी ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उड्डाण करण्यास मनाई केली होती. त्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेपुढील दावे मागे घेऊन हवाई मार्ग मोकळे करण्याचे ठरले. २२ जुलै १९७६ रोजी अमृतसर-लाहोर समझोता एक्स्प्रेस धावू लागली आणि त्याच आठवड्यात राजदूतांच्या पातळीवर राजनैतिक संबंध पूर्ववत झाले. के. शंकर बाजपेयी भारताचे राजदूत म्हणून इस्लामाबादला गेले. एप्रिल १९७८ मध्ये वाजपेयी आणि आगा शाही यांनी चिनाब नदीवरील सलाल धरणाच्या आराखड्यावर समझोता केला. सिंधू जलवाटप कराराच्या चौकटीतील वाद वाटाघाटींनी सुटल्याचे ते दुर्मीळ उदाहरण मानले जाते.

१९७५ चा व्यापार करार मात्र १९७८ मध्ये मुदत संपताच पुढे चालू ठेवला गेला नाही. भारतीय माल स्थानिक उद्योगांना बुडवील, ही पाकिस्तानी उद्योजकांची भीती त्यामागे होती.

कापसाचा उलटा प्रवास

पुढील काळात व्यापाराने राजकारणाची साथ कधी सोडली नाही. भारताने १९९६ मध्ये पाकिस्तानला ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ हा दर्जा दिला. पाकिस्तानने तो कधीच परत केला नाही. २०१२ मध्ये मात्र आयातयोग्य वस्तूंच्या मर्यादित यादीऐवजी १,२०९ वस्तूंची निषिद्ध यादी स्वीकारून बाकीच्यांना मोकळीक दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अटारीची एकात्मिक चौकी सुरू झाली. २०१८-१९ मध्ये परस्पर व्यापार सुमारे २५६ कोटी डॉलरचा होता आणि त्यात भारताची निर्यात २०० कोटींहून अधिक होती. जागतिक बँकेने २०१८ च्या अहवालात अडथळे दूर झाल्यास हा व्यापार ३,७०० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल, असा अंदाज वर्तवला होता. पुलवामा हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने विशेष दर्जा काढून घेत आयातीवर २०० टक्के शुल्क लावले. ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरच्या विशेष दर्जाबाबतच्या निर्णयानंतर पाकिस्तानने व्यापार थांबवला, समझोता एक्स्प्रेसही थांबली.

या काळात कापसाचा प्रवाह उलटला होता. एकेकाळी भारताला कापूस विकणारा पाकिस्तान आपल्या वस्त्रोद्योगासाठी भारतीय कापसाचा प्रमुख ग्राहक बनला होता. ३१ मार्च २०२१ रोजी तेथील मंत्रिमंडळाच्या आर्थिक समन्वय समितीने भारतातून कापूस आणि साखर आयात करण्यास संमती दिली. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादक आणि पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखाने या दोघांच्याही दृष्टीने ही बातमी महत्त्वाची होती. ती एक दिवस टिकली. १ एप्रिलला मंत्रिमंडळाने समितीचा निर्णय फेटाळला.

ग्राहकापर्यंत या साऱ्याची झळ पोहोचते ती खारकेच्या आणि सैंधवाच्या रूपाने. भारतात येणारी बहुतांश खारीक पाकिस्तानची असे. २०० टक्के शुल्कानंतर ती दुबईमार्गे येऊ लागली. २ मे २०२५ रोजी केंद्राने पाकिस्तानी मालाची प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष, दोन्ही प्रकारची आयात बंद केली. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरातील कारवाईत ३९ कंटेनरमधील १,११५ टन माल जप्त केला. कागदोपत्री संयुक्त अरब अमिरातीचा दाखवलेल्या या मालात खारीकही होती.

सुरू राहिलेल्या याद्या

पाकिस्तानच्या ताब्यात १९७१ पासून आपले ५४ बेपत्ता सैनिक असावेत, अशी भारताची भूमिका आहे. पाकिस्तानने ती नेहमी नाकारली. २००७ मध्ये काही बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांना पाकिस्तानी तुरुंग पाहण्याची परवानगी मिळाली, पण हाती काही लागले नाही. ९३ हजार कैदी ताब्यात असताना या ५४ जणांची निश्चिती का करून घेतली गेली नाही, हा त्या कुटुंबांचा प्रश्न आहे, आणि १९७२-७४ च्या वाटाघाटींचे कौतुक करताना तो टाळता येत नाही.

त्या काळातील व्यवस्थेपैकी आज फारच थोडे चालू आहे. जे चालू आहे, त्यातील एक कैद्यांविषयीच आहे. २००८ च्या वाणिज्यदूत संपर्क करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला परस्परांच्या तुरुंगांतील नागरी कैदी आणि मच्छीमार यांच्या याद्या एकमेकांना देतात. मे २०२५ मधील लष्करी संघर्षानंतरही १ जुलै २०२५ ची देवाणघेवाण चुकली नाही. त्या दिवशी पाकिस्तानने आपल्या ताब्यातील ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार भारतीय असल्याचे कळवले. भारताने ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार यांची नावे दिली. भारतीय मच्छीमारांत गुजरात आणि दीवच्या खलाशांबरोबर पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी भागातील आदिवासी खलाशीही असतात. हंगामात गुजरातच्या बोटींवर मजुरीला गेलेले हे खलाशी सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पकडले जातात आणि कराचीच्या मलीर तुरुंगात ठेवले जातात. शिक्षेची मुदत संपल्यावर राष्ट्रीयत्वाची खातरजमा व्हावी लागते. ती झाली की सुटका होते आणि त्यांनाही वाघा-अटारीमार्गेच परत पाठवले जाते.